रविवार सहाच्या आत संपला पाहिजे: नऊ बोटींच्या एका ताफ्याचा नवा हंगाम

मार्चातला शेवटचा रविवार. कमिटी बोटीवर, म्हणजे शिडाच्या बोटींची शर्यत चालवणाऱ्या बोटीवर, आम्ही पाच जण होतो. एकाच्या हातात घड्याळ, एकाच्या हातात झेंड्याची दोरी, एक भोंग्यावर, एक वही उघडून बसलेला आणि मी नुसती पाण्याकडे बघत. पाच मिनिटांचा भोंगा वाजला तेव्हा स्टार्ट लाइनच्या आसपास चार बोटी घुटमळत होत्या. म्हणजे शर्यतीत उतरलेल्या बोटींपेक्षा शर्यत घेणारी माणसं जास्त. वहीवाला म्हणाला, "आज शेवटून पहिला आला तरी पहिल्या चारात." कोणी हसलं नाही.

कागदावर ताफा नऊ बोटींचा. ऑक्टोबरात त्यातल्या आठ लाइनवर होत्या.

मे महिन्यात ताफ्याचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. बारा वर्षं मी नाळेवर काम केलं, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे पाणी आधी अंगावर येतं आणि शिव्या मागून येतात. त्यामुळे ताफा का आटला हे आपल्याला माहीतच आहे, असा माझा समज होता. तो पहिल्या दोन आठवड्यांत मोडला. हे टिपण त्या मे महिन्यापासून आत्ताच्या डिसेंबर अखेरपर्यंतचं. क्लबाचं आणि माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांना ओळख पटायची ती पटेलच.

बोटी

आमच्या बोटी जे/२४ या जातीच्या. लांबी ७.३२ मीटर, वजन १४०० किलोच्या आसपास, आणि तळाची शिशाची किल पाण्याखाली १.२२ मीटर जाते. रॉड जॉन्स्टन नावाच्या माणसाने १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, स्टोनिंग्टन गावी, स्वतःच्या गॅरेजमध्ये पहिली बोट बांधली आणि १९७७ पासून तिचं उत्पादन सुरू झालं. आजवर जगभरात ५,००० हून जास्त बोटी बांधल्या गेल्या. सगळ्या एकाच मापाच्या आणि एकाच नियमाखाली. त्यामुळे पैसेवाल्याने जास्त वेगवान बोट आणून जिंकायची सोय नाही. गरीब-श्रीमंत, नवी-जुनी, सगळ्या बोटी साधारण एकाच चालीच्या. निकाल माणसांवर.

आणि इथेच गोम आहे, कारण माणसं पाच लागतात. एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडाला, एक पुढच्या शिडाच्या दोऱ्यांवर, एक डोलकाठीपाशी आणि एक नाळेवर. जातीच्या नियमाप्रमाणे तीन माणसांवरही बोट शर्यतीत उतरू शकते, पण दुपारी वारा चढला की तिघांनी जे/२४ सरळ ठेवणं म्हणजे अंगाला दोर बांधून बैल थांबवण्यासारखं. उलट सगळ्यांचं मिळून वजन ४०० किलोच्या वर जाता कामा नये. त्यामुळे नवा माणूस जेटीवर आला की आमच्याकडे नावाच्या आधी वजन विचारतात. पहिल्या भेटीत हे कसं वाटत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

पावसाळ्यात बोटी जमिनीवर असतात. मच्छीमारांची बंदी ३१ जुलैला उठते, नारळी पौर्णिमेला नारळ पडतो आणि कोळ्यांच्या बोटी बाहेर जातात. आम्ही मात्र तेव्हाही ताडपत्रीखालीच. मुंबईतून पाऊस परततो तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर क्रेन येते, बोटी पाण्यात उतरतात आणि हंगाम सुरू होतो.

मे महिन्यातली सभा

सभेत सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. बोटी जुन्या झाल्या, नव्या जातीच्या घ्या. शिडं महाग झाली. तरुण पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांच्या काळी किती शिडं दिसायची ते सांगितलं. दर सभेत ते सांगतात आणि दर सभेत आकडा थोडा वाढतो. नव्या बोटींची कल्पना तर इतकी रंगली की एकाने रंगसुद्धा सुचवला.

मी शर्यतींच्या वह्या घरी घेऊन आले. दहा रविवार, प्रत्येकी दोन, अशा वीस शर्यती झाल्या होत्या. नऊ बोटी प्रत्येक वेळी आल्या असत्या तर १८० वेळा नाव लागलं असतं. लागलं ११२ वेळा. उरलेल्या ६८ गैरहजेऱ्यांपैकी प्रत्येकीचं कारण विचारायला मी नऊ स्किपरना फोन लावले. काहींना आठवत होतं, काहींनी मोबाईलवरचे जुने निरोप काढून सांगितलं. एकाने फोनवरच भांडण काढलं की यादी करायला मी कोण.

६८ पैकी १७ वेळा "बोट नादुरुस्त", ३१ वेळा "माणसं जमली नाहीत", १४ वेळा "आता येऊन काय उपयोग होता" आणि ६ वेळा इतर: लग्न, ताप, एकदा पासपोर्ट. पुढे खोदून विचारल्यावर १७ मधल्याही बऱ्याच सांडल्या. "हॅलियर्ड अडकला होता" हे कारण ऐकायला ठीक, पण डोलकाठीत अडकलेला दोर सोडवणं तासाभराचं काम आहे. ते शनिवारी करायला कोणी नव्हतं, म्हणून रविवारी बोट नादुरुस्त. म्हणजे पुन्हा माणसंच.

नव्या बोटी घेतल्या असत्या तर त्या नव्या बोटींनाही माणसं मिळाली नसती. मग माणसं का आटली? हे मला त्या ३१ गैरहजेऱ्या तारखांसमोर मांडल्यावर कळलं. ३१ पैकी १८ फक्त तीन रविवारांवरच्या होत्या. आणि हे तिन्ही रविवार कशाच्या तरी लगेच नंतर आले होते.

उधाणाचा रविवार

कशाच्या नंतर, ते सांगायला एक दुपार पुरी.

नोव्हेंबर. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले. नेहमीप्रमाणे दुपारी दोनला स्टार्ट. वायव्येकडून बरा वारा होता, आठ नॉटच्या, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. आमच्या बोटीवर त्या दिवशी दोन नवी मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पहिली शर्यत झाली. दुसरीत सव्वातीनच्या सुमारास वारा पडला. पूर्ण नाही, शिडं फडफडतील एवढा उरला. वरचा मार्क, म्हणजे नारिंगी फुगा, समोर तीनशे मीटरवर. नाळ त्याच्याकडे, शिडात जेमतेम वारा, बोटीखाली पाणी खळखळतंय, सगळं कसं चालल्यासारखं. मी गेटवेकडे पाहिलं. कमानीच्या मागे दिसणारा ताजचा घुमट हळूहळू डावीकडे सरकत होता. आम्ही पुढे जात नव्हतो. मागे, दक्षिणेला, बंदराच्या तोंडाकडे वाहत होतो.

ओहोटी होती. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि त्या सगळ्याला बंदराच्या तोंडातूनच जावं लागतं. बोट तीन नॉटने चालत असेल आणि पाणी तेवढ्याच वेगाने उलटं ओढत असेल, तर नाळेशी फेस दिसतो आणि किनारा हलत नाही.

शर्यतीत नांगर टाकायला नियमांची मुभा आहे, फक्त पुढे निघताना तो वर घेतला पाहिजे. मी नांगर काढायला गेले तर त्याचा दोर गेल्या हंगामापासून बादलीत गुंता होऊन पडलेला. तो सुटेपर्यंत आम्ही आणखी दोनशे मीटर खाली. मग शिडं उतरवून, नांगरावर, उन्हात बसून राहिलो. इतर बोटींचीही तीच गत. साडेपाचला शर्यत रद्द झाली. ओढून न्यायला क्लबाची लाँच एकच. चार-चार बोटींची माळ करून तिने आम्हाला आणलं. जेटीला पाय लागले तेव्हा पावणेआठ वाजले होते. त्या मुलीला वसईला जायचं होतं. तिच्या आईचे फोन येऊन येऊन मोबाईल बंद पडला होता. माझ्या मोबाईलवरून तिने घरी फोन केला आणि आईशी बोलताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती दोघं आली नाहीत. पुन्हा कधीच आली नाहीत. आणि वह्या सांगत होत्या की त्या पुढच्या रविवारी आणखी तीन बोटींना माणसं जमली नव्हती. हंगामात असे तीन रविवार झाले. तिन्ही अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे.

हे लिहिताना लाज वाटते, कारण उत्तर आमच्या तांडेलकाकांना पाठ होतं. काका करंजाचे, बोटींची देखभाल करतात. जुलैत मी त्यांच्यासमोर शर्यतींच्या तारखा ठेवल्या तेव्हा त्यांनी इंग्रजी तारखेकडे बघितलंच नाही. "ताई, तिथी सांगा," म्हणाले. त्यांचा हिशोब कोकणात सगळीकडे चालतो तोच: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. प्रत्यक्षात पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून अधिकृत भरतीचे तक्ते लागतातच. पण रविवार कसा जाणार हे एवढ्यावरून कळतं.

म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत पाणी दुपारी बारा-साडेबाराला भरतं आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत उतरत राहतं. उतरताना सर्वांत जोर मधल्या दोन तासांत, तिसऱ्या आणि चौथ्या. त्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. साडेबाराची भरती धरली तर अडीच ते साडेचार. आणि आम्ही स्टार्ट द्यायचो दोनला. वर्षानुवर्षं, जेवण करून यायला बरं पडतं म्हणून.

अष्टमीच्या आसपास सगळं उलटं. बाराच्या सुमारास सुकती, मग सहापर्यंत भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, मऊ. दक्षिणेला बंदराच्या तोंडाकडे जाताना पाणी थोडं नडतं, पण येताना तेच घरी आणून सोडतं. वारा पडला तरी बोट गेटवेच्या दिशेनेच येणार.

मग वेळापत्रक तिथीवर बसवलं. भांगाच्या रविवारी एकच लांब शर्यत, बंदराच्या तोंडाकडे जाऊन परत, स्टार्ट एकला. उधाणाच्या रविवारी तीन छोट्या शर्यती, किनाऱ्याजवळ, जिथे पाण्याची ओढ कमी असते. स्टार्ट पाऊणला आणि तीननंतर नवी शर्यत सुरू करायची नाही. डिसेंबर-जानेवारीत अडचण होती, कारण थंडीत सकाळचा मतलई वारा उशिरापर्यंत रेंगाळतो आणि खारा वारा दीड-दोनच्या आधी धड येत नाही. तेवढ्या दोन महिन्यांत उधाणाच्या रविवारी शर्यत नाहीच, फक्त सराव. आणि वर एक ठळक ओळ: काहीही झालं तरी सहाच्या आत सगळी माणसं जेटीवर. वारा पडला तर चारला शर्यत रद्द, चर्चा नाही.

या ओळीला सर्वांत जास्त विरोध झाला. एक स्किपर म्हणाले, "समुद्रावर घड्याळ लावून जायचं असेल तर बागेत जा." मी म्हटलं, तुम्हाला जाता येईल हो, तुमची गाडी खाली उभी असते. चर्चगेटवरून विरार गाडी पकडणाऱ्याला नाही.

गुणांचा तक्ता

"आता येऊन काय उपयोग" म्हणणाऱ्या १४ गैरहजेऱ्या तक्त्याने तयार केलेल्या होत्या. शिडाच्या शर्यतीत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्याचे कमी तो जिंकतो. जो आलाच नाही त्याला नोंदलेल्या बोटींपेक्षा एक जास्त, म्हणजे आमच्याकडे दहा. वीस शर्यतींतल्या सर्वांत वाईट तीन वगळायची सोय होती.

आता डिसेंबर धरा. लग्नसराई. एका बोटीची तीन माणसं वऱ्हाडात, तीन रविवार गेले, म्हणजे सहा शर्यती. तीन वगळल्या, तीन राहिल्या, तीस गुण. रोज येऊन चौथा-पाचवा येणाऱ्यालाही त्या तीन शर्यतींत बारा-तेरा गुण पडतात. सतरा-अठरा गुणांचं हे अंतर उरलेल्या हंगामात भरून निघत नाही. बरं, जितक्या कमी बोटी येतात तितकी न येणाऱ्याची शिक्षा मोठी: चारच आल्या तर शेवटच्याला चार, न आलेल्याला दहा. शिक्षा वाढली की लोक परत येतील असं वाटतं. पण हरलेला माणूस शिक्षेला भीत नाही. तो रविवारी झोपतो.

बदल दोन केले. हंगामाचे तीन तुकडे पाडले: ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर-जानेवारी, फेब्रुवारी ते एप्रिल. प्रत्येक वेळी पाटी कोरी. दुसरा बदल शिडाच्या शर्यतींच्या नियमपुस्तकातलाच, परिशिष्ट ए मधला ५.३, जो आजवर आमच्या सूचनापत्रात कोणी घातलाच नव्हता. त्याप्रमाणे जी बोट स्टार्टच्या जागेपर्यंत आली पण काही कारणाने सुटली नाही किंवा पोचली नाही, तिला त्या दिवशी तिथे आलेल्या बोटींपेक्षा एक जास्त गुण मिळतो. जी आलीच नाही तिला मात्र पूर्ण दहा. पाच बोटी आल्या आणि तुमचा दोर तुटला तर सहा, घरी बसलात तर दहा. डळमळीत बोट घेऊनही बाहेर पडणं फायद्याचं होतं.

गेली तीन वर्षं करंडक ज्यांच्याकडे आहे त्यांनी लेखी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की वर्षभर नेमाने येणाऱ्याची किंमत यात कमी होते. खोटं नाही ते. मधला मार्ग काढला: वार्षिक करंडक राहील, प्रत्येक बोटीच्या तीन तुकड्यांपैकी चांगल्या दोन तुकड्यांची बेरीज धरून. त्यांना तो पटला नाही, पण नाव त्यांनी सर्वांत आधी नोंदवलं.

पाचवा माणूस

वेळापत्रक आणि तक्ता कागदावर बदलतात. हे अवघड होतं.

फोनवर मी नवीन येऊन गेलेल्या माणसांशीही बोलले, जेवढे सापडले तेवढे. एकाच तऱ्हेची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. जेटीवर उभं केलं, वजन विचारलं, बोटीच्या कडेवर बसवलं, तीन तास "हाइक! हाइक!" ओरडले, म्हणजे अंग बाहेर झोकून द्या. का ते सांगितलं नाही. मांड्या सोलपटल्या. संध्याकाळी सगळे वर बसायला गेले, मला कोणी बोलावलं नाही.

त्यातला एक मुलगा आमच्याच बोटीवरचा. त्याला मी ओळखते, कारण त्याच्यावर मीच ओरडले होते. खालच्या मार्कला जायला वळलो, स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना लावायचं फुग्यासारखं शीड, चढवायचा, मी नाळेवर खांब लावून तयार, ओरडले "चढव!" आणि डोलकाठीपाशी असलेल्या त्या पोराने जीव खाऊन दोर ओढला. चढलं ते जिब. गुंडाळून ठेवलेलं दुसरंच शीड अर्धवट वर आणि स्पिनेकर पाण्यात. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑगस्टमध्ये बोट झाडून काढताना ते दोन्ही दोर हातात घेतले. दोन्ही पांढरे. एकाच रिळातले, कारण त्या वर्षी एका दुकानात पांढरा दोर स्वस्त मिळाला होता. आणि दोन्ही शेजारशेजारच्या क्लचमधून, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चापांमधून येतात. तीन वर्षं मीच ते अंदाजाने ओळखत होते आणि पहिल्यांदा आलेल्या पोराने चुकवले म्हणून त्याला शिव्या घातल्या.

त्या आठवड्यात नऊही बोटींच्या दोरांना रंगीत टेप लागल्या: स्पिनेकरला लाल, जेनोआला, म्हणजे पुढच्या शिडाला निळी, मोठ्या शिडाला हिरवी. खर्च झाला तो इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या टेपांचा. मुलाला फोन केला, दोरांबद्दल सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मॅडम, मला वाटलं मीच ढ आहे." आला मात्र नाही. नोकरी लागली होती पुण्याला.

बाकी नियम ठरवला तो एवढाच: बोटीवर नवा माणूस असेल तर उधाणाच्या रविवारच्या तीन छोट्या शर्यतींत त्याला प्रत्येक वेळी वेगळ्या जागी ठेवायचं. एकदा कडेवर, एकदा दोरावर, एकदा डोलकाठीपाशी. बोटी जिंकायच्या असतील त्यांनी भांगाच्या रविवारी जिंकाव्यात. आणि जेटीवर एक पाटी, जिच्यावर माणूस हवा असलेली बोट आणि बोट हवा असलेला माणूस शनिवारी दुपारपर्यंत नाव लिहितो. पाटीच्या बाजूला वजनकाटा होता, तो काकांनी आपणहून उचलून गोदामात नेला.

नाण्याचा आवाज

बोटींच्या तब्येतीबद्दल थोडक्यात, कारण इथे मी सपशेल चुकले.

या बोटींच्या फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं असतं. हलकं आणि ताठ. पण डेकवरच्या एखाद्या बोल्टभोवतीचं सील गेलं की पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून काही दिसत नाही, ऐकावं लागतं. जुलैत काका प्रत्येक डेकवर गुडघ्यावर बसून पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याने वीतभर अंतरावर टकटक करत गेले. टक, टक, टक, टक, आणि सात नंबरच्या बोटीवर, डाव्या बाजूच्या कठड्याच्या खांबापाशी, भद्. पुन्हा भद्. खडूने त्यांनी कडा आखली. ताटाएवढा डाग निघाला.

काका म्हणाले, पाऊस जाऊ दे. मला सगळ्या बोटी कोजागरीला पाण्यात हव्या होत्या. ऑगस्टमध्येच काम काढलं. डेक कापून कुजकं लाकूड काढलं, आतलं सुकवायला दिवे लावले, पंखा लावला. ऑगस्टच्या मुंबईत हवाच ओली, तिथे काय सुकणार. कारागीर म्हणाला सुकलं, मलाही सुकलं असं म्हणायचं होतं. इपॉक्सी भरली, वरून रंग मारला. दिसायला झकास. सप्टेंबरअखेर काकांनी नाणं वाजवलं आणि काही न बोलता ते माझ्या हातात दिलं. मी वाजवलं. भद्.

कोजागरीनंतर

कोजागरीच्या उधाणाला, भरती गाठून, आठ बोटी पाण्यात उतरल्या. त्यानंतरच्या वद्य अष्टमीजवळच्या रविवारी पहिली शर्यत. सकाळी पाटी पाहिली तर बोट शोधणारी सहा नावं, माणूस शोधणाऱ्या तीन बोटी. एकला पाच मिनिटांचा भोंगा झाला. लाइनवर आठ शिडं. सगळेच अधीर, सगळे एकमेकांच्या वाऱ्यात घुसलेले. अर्ध्याअधिक बोटी वेळेआधी लाइन ओलांडून गेल्या आणि कमिटी बोटीवर सगळ्यांना परत बोलावणारा झेंडा चढला. तो झेंडा शोधायला वेळ लागला. चार-चार बोटींच्या हंगामात त्याची गरजच पडली नव्हती. तो खोक्याच्या तळाशी होता, घडीवर बुरशीची रेघ.

पहिल्या तुकड्यात दहा शर्यती झाल्या. आठ बोटींना ८० वेळा येता आलं असतं, आल्या ६९ वेळा. एक रविवार वाऱ्याअभावी चारला रद्द केला. पावणेपाचला सगळे जेटीवर चहा पीत होते आणि पुढच्या रविवारी सगळ्या आठ आल्या. जिंकले तेच, तीन वर्षांचे करंडकवाले. पण शेवटच्या शर्यतीपर्यंत त्यांना बघत राहावं लागलं, कारण दुसरी बोट तीन गुणांवर होती. त्यांनी मला विचारलं की पुढच्या वर्षीही तुकडेच का. मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

सगळं काही जमलेलं नाही. पाटीवर नाव लिहिणाऱ्यांत मुली अजून दोनच. वसईच्या त्या मुलीला मी नोव्हेंबरात नवं वेळापत्रक पाठवलं. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. दोन स्किपर अजूनही नवीन माणसाला कडेवरून हलवत नाहीत, आणि त्यांना मी काय शिक्षा करणार? डिसेंबरात लग्नं आहेतच, या तुकड्यात सरासरी सहावर आली आहे. नव्या बोटींचा विषय पुढच्या सभेत पुन्हा निघेल. रंग सुचवणाऱ्याने कॅटलॉग मागवला आहे.

सात नंबर अजून जमिनीवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत डेक पुन्हा उघडला, पण दिवाळीत कारागीर गावी गेला तो तीन आठवड्यांनी उगवला. या वेळी घाई केली नाही. मागच्या रविवारी शर्यतीनंतर काका आणि मी तिथे गेलो. त्यांनी खांबापासून सुरुवात केली आणि खडूच्या जुन्या रेघेपलीकडे जाईपर्यंत थांबले नाहीत. टक, टक, टक, टक. मग नाणं खिशात टाकून म्हणाले, "पौष पुनवेला पाणी चांगलं आहे, ताई." क्रेनवाल्याला सांगून ठेवलं आहे.